कापलेलं स्टूल

माझ्या वहिनीने उभ्या जन्मात एकच चोरी केली, ती लाकडाच्या चार तुकड्यांची. एकेक तुकडा वीतभर लांब. ते अजून आमच्या घरात आहेत. दोन कपाटाच्या पुढच्या पायांखाली, एक दार अडवायला, आणि चौथा, जो बाकीच्यांपेक्षा अर्धं बोट जास्त लांब आहे, तो खिडकीत नुसताच पडून असतो. आल्यागेल्याला वाटतं, पोरांचं खेळणं असेल. आम्ही काही बोलत नाही. सांगायचं तर मुळापासून सांगावं लागतं, आणि पाहुण्यांना घाई असते.

तुम्हाला घाई नसेल, तर ऐका.

आमच्या वस्तीपासून अर्धा तास चाललं की बाटल्यांचा कारखाना लागतो. औषधाच्या बाटल्या. त्याचं धुराडं शेतातून कुठूनही दिसतं. धूर कुठे वळलाय ते बघून आम्ही वारा ओळखतो. आत भट्टीत काच वितळते, साच्यात पडते, बाहेर येते तेव्हा निखाऱ्यासारखी लाल असते, मग मधासारखी होते, आणि थंड झाली की मग ती बाटली दिसायला लागते. या सगळ्या बाटल्या शेवटी एका लांबट खोलीत येतात. तिथे बारा बायका एका रांगेत बसतात. प्रत्येकीसमोर पांढऱ्या उजेडाची पेटी. एका हाताच्या बोटांत चार बाटल्या मानेला धरायच्या, उजेडापुढे फिरवायच्या आणि दोष शोधायचा. दोष चार. तडा, बुडबुडा, खडा आणि वाकडी मान. दोष असेल ती बाटली भंगाराच्या पेटीत, म्हणजे परत भट्टीत. चांगली असेल ती ट्रेमध्ये. दिवसभर हेच. संध्याकाळी घरी गेल्यावर बराच वेळ भिंतीवरसुद्धा बाटल्या दिसतात, असं त्या म्हणायच्या.

मी शेजारच्या शेडमध्ये खोकी बांधतो. मधल्या भिंतीत एक खिडकी आहे, तिच्यातून तपासलेले ट्रे माझ्याकडे सरकतात. म्हणून या खोलीतलं जे मी सांगतो ते निम्मं त्या खिडकीतून बघितलेलं आहे, आणि निम्मं आमच्या घरी जेवताना ऐकलेलं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा सायकली दुरुस्त करतो. वहिनी अंगाने बारीक, चालताना जमिनीला त्रास होऊ नये अशी चालणारी. पण डोळे असे की दारात उभी राहून पिठातला केस सांगेल. एकोणीस वर्षं ती त्या रांगेत बसली. त्या सगळ्या वर्षांत त्या खोलीवर एकच बाई होती, आणि तिला सगळ्या पट्टीबाई म्हणत.

पट्टीबाई रांगेच्या मागे, उंच स्टुलावर बसायची. तिला समोर बारा मानगुटी दिसायच्या. बायकांना ती दिसायची नाही, कारण उजेडाकडून नजर काढून मागे बघितलं की घटकाभर सगळं काळं दिसतं. तिच्या हातात लाकडी फूटपट्टी असायची. कुणाला मारायची नाही, स्टुलाच्या पायावर आपटायची, पण ज्या बाईवर आपटली तिला आपोआप कळायचं की आपल्यावर आपटली. शिवाय चकत्या होत्या. प्रत्येकीला वेगळ्या रंगाची, नंबर घातलेली प्लास्टिकची चकती. ट्रे भरला की आपली चकती त्यात टाकायची. माल कुठून परत आला की चकतीवरून बाई सापडायची, आणि ती चकती दाराजवळच्या खिळ्याला टांगली जायची, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशी. लेकीच्या वयाच्या बाईची चकती टांगलेली बघून शेजारची बाई मनातून सुटल्यासारखी व्हायची, कारण आजचा खिळा भरला. वहिनी म्हणायची, तिथे बसून हळूहळू माणूस असंच होत जातं, आणि त्याची लाज वाटायचीही थांबते.

पट्टीबाई निवृत्त झाल्यावर साहेबाने वहिनीला वर घेतलं. ती कधी भांडली नव्हती, एवढंच तिचं भांडवल. त्याच सुमारास बाटल्या घेणाऱ्या मोठ्या कंपनीने कागद मागितला, की तुमच्याकडे बायकांवर देखरेख करणाऱ्या बायकांना काही शिक्षण दिलंय का. म्हणून साहेबाने वहिनीला दोन दिवसांच्या शिबिराला धाडलं. शिकवणारी बाई पांढऱ्या आखूड केसांची होती. तिने फळ्यावर लिहिलं, स्त्रीवादी नेतृत्व. मग एकेक गोष्ट सांगितली. सत्ता एकीच्या हातात साठू द्यायची नाही. आधी ऐकायचं. ज्याच्यावर निर्णय पडणार त्याला विचारल्याशिवाय निर्णय घ्यायचा नाही. एकमेकींची काळजी घेणं हेही कामच आहे. चूक झाली तर माणूस शोधायच्या आधी चूक शोधायची.

वहिनीने हात वर करून विचारलं की आमच्याकडे एक उंच स्टूल आहे, त्याचं काय करायचं. ती बाई हसली, मग हसायची थांबली आणि म्हणाली, तुम्हाला काय वाटतं?

घरी येऊन वहिनी म्हणाली, एवढी शिकलेली बाई, आणि उत्तर मलाच विचारते. पण परतीच्या बसमध्ये ती तोच विचार करत आली होती, आणि तिचा थांबा मागे राहिला होता.

दादाने ताटावर बसल्या बसल्या विचारलं, मग आता नेतृत्व म्हणजे वाढणार कोण? वहिनी म्हणाली, ज्याला भूक आहे तो. दादा उठला आणि त्याने सगळ्यांना वाढलं. तीन दिवस वाढलं. चौथ्या दिवशी विसरला, पण ते तीन दिवस वहिनी अजून मोजून सांगते.

दुसऱ्या दिवशी तिने कारखान्याच्या सुताराला गाठलं आणि स्टूल बाकीच्या स्टुलांइतकं कापून मागितलं. सुतार म्हणाला, कारखान्याची वस्तू कापायला चिठ्ठी लागते. वहिनीने तिथेच चिठ्ठी लिहिली: "स्टूल वीतभर कापावे. स्टुलावर बसणारी." सुताराने ती दोनदा वाचली, खिशात घातली आणि करवत काढली. एक पाय अर्धं बोट जास्त कापला गेला. तेव्हापासून ते स्टूल डुगडुगायला लागलं आणि वहिनीचं नाव पडलं डुगडुग. कापलेले तुकडे तिने पदराखाली घालून घरी आणले. कशाला आणले, तर म्हणाली, तिथे राहिले तर कुणीतरी परत चिकटवेल.

मग ती रांगेतच बसायला लागली, अगदी टोकाला, इतरांसारखंच उजेडाकडे तोंड करून. चकत्या गोळा करून तिने एका पत्र्याच्या डब्यात भरल्या, वर शिबिराचा कागद घडी घालून ठेवला आणि झाकण लावलं. शनिवारी सुटीच्या आधी पाव तास स्टुलं गोल करून बसायचं ठरलं. प्रत्येकीने आळीपाळीने बोलायचं. पहिले तीन शनिवार कुणी तोंड उघडलं नाही. सगळ्या आपापल्या नखांकडे बघत बसल्या. चौथ्या शनिवारी एकटी रेडिओच पाव तास बोलली. रेडिओ म्हणजे रांगेच्या मधोमध बसणारी एक बाई, जिची बडबड उजेडाची पेटी बंद केली तरी बंद होत नसे. तेव्हा नियम झाला की रेडिओने शेवटी बोलायचं. हा त्या खोलीने स्वतः केलेला पहिला नियम, आणि तो रेडिओने स्वतःच मांडला होता.

पुढे बरंच झालं. संडासला जायला विचारावं लागेना. नोंदवही दर आठवड्याला वेगळी बाई लिहायची. लेकुरवाळीचं मूल तापलं तर तिचे ट्रे इतर जणी वाटून घ्यायच्या. लेकुरवाळी म्हणजे त्यांच्यातली सगळ्यात नवी, मूल अंगावर पिणारं असताना कामाला लागलेली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बायका आपली चूक आपण सांगायला लागल्या. खिडकीतून ट्रे माझ्याकडे सरकवून परत ओढून घ्यायच्या. थांब भाऊजी, हा ट्रे बघताना माझं लक्ष घरी होतं, परत बघते. एकोणीस वर्षांत असं वाक्य त्या खिडकीतून आलं नव्हतं.

परत येणारा माल कमी झाला. साहेब खूश. तो बाहेरची माणसं खोली दाखवायला आणायचा आणि दारात उभा राहून सांगायचा, आमच्या बायका सगळं मिळून ठरवतात. वहिनीला ते ऐकून बरं वाटायचं. हे मी लपवत नाही.

आता आक्काचं सांगतो. आक्का तीस वर्षं त्या उजेडासमोर बसलेली. डोळ्यांत ढग आले होते, चष्म्याने जात नव्हते. पट्टीबाईच्या काळात तिने हे कुणाला कळू दिलं नाही. ती दोन बाटल्या एकमेकींवर हलकेच वाजवायची. चांगली काच लांब वाजते. तडा गेलेली काच ठप्प होते. असं ती कानाने काम करायची आणि मान मात्र उजेडाकडे धरून बसायची. एका शनिवारी तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मला आता बुडबुडा दिसत नाही. तडा तेवढा ऐकू येतो."

रेडिओने आपलं स्टूल तिच्याजवळ ओढून घेतलं.

सगळ्यांनी मिळून ठरवलं. आक्का मधोमध बसेल, एका बाजूला रेडिओ आणि दुसऱ्या बाजूला लेकुरवाळी. आक्काचा प्रत्येक ट्रे या दोघींपैकी एकीच्या डोळ्यांखालून पुन्हा जाईल. आक्काची आणखी दोन वर्षं निघाली की ती मानाने घरी बसेल. कुठला ट्रे कुणी बघायचा हे काही ठरवलं नाही. हाताशी येईल तो घ्यायचा. आपल्यातच काय ठरवायचं, असं सगळ्यांना वाटलं.

त्या उन्हाळ्यात भट्टीकडची भिंत इतकी तापली की बायकांच्या बोटांतून घामाने बाटल्या निसटायला लागल्या. गोलात ठरलं की पंखा मागायचा. वहिनीने प्रत्येकीला विचारलं. आक्काला विचारलं, तर ती म्हणाली, माझी काही हरकत नाही. साहेबाने पंखा दिला, भिंतीवरचा मोठा, ट्रॅक्टरसारखा घरघरणारा. बायकांनी त्याच्याखाली उभं राहून मानेवरचे केस उडवून घेतले. रेडिओ म्हणाली, माझा आवाज आता याच्यावर चढवावा लागणार. सगळ्या हसल्या. आक्काही हसली. त्या आवाजात दोन बाटल्यांचं वाजणं कसं ऐकू येणार, हे त्या दिवशी एकीच्याही डोक्यात आलं नाही. वहिनी आजही म्हणते, मी तिला विचारलं, पण विचारताना तिच्याकडे बघितलं नाही.

पंखा लागल्यापासून चौथ्या महिन्यात माल परत आला. एका लांबच्या दवाखान्यात औषध भरताना बाटलीचा तळ गळून पडला आणि भरणाऱ्या माणसाचा तळवा फाटला. खोक्यात बघितलं तर तशा सात बाटल्या. तळाजवळ केसासारखा गोल तडा. खोक्यावर दिवस होता, वेळ होती. त्या वेळेला त्या मापाच्या बाटल्या मधल्या तिघीच बघत होत्या.

वहिनीने शनिवारची वाट न बघता सोमवारीच स्टुलं गोल केली. माणूस शोधायच्या आधी चूक शोधायची होती, आणि चूक लगेच सापडली. लेकुरवाळी म्हणाली, तो ट्रे रेडिओने बघितला असं मला वाटलं. रेडिओ म्हणाली, मला वाटलं, हिने. आक्का म्हणाली, मी वाजवून बघितल्या, पंख्यात काही कळेना, पण या दोघी आहेत म्हणून पुढे दिला. आणि पुढे खिडकीतून तो मी, खोकी बांधणाऱ्याने, घेतला होता, त्या खोलीतून आलेलं म्हणजे बघितलेलंच असणार म्हणून. पट्टीबाईच्या काळात ही चूक होऊच शकली नसती. तेव्हा कुणी कुणावर एवढा भरवसा टाकत नव्हतं.

साहेब आला तेव्हा आवाज चढवला नाही. त्याने पंखा बंद करायला सांगितला, म्हणजे सगळ्यांना नीट ऐकू जावं. तो म्हणाला, "तुम्ही सगळं मिळून ठरवता ना? मग हेही मिळून ठरवा. शनिवारी चार वाजता मला बारा चिठ्ठ्या हव्यात. एक बाई जाईल. नाव नाही आलं, तर मधल्या तिघी जातील."

वहिनी उभी राहिली आणि म्हणाली, माझं नाव घ्या. साहेब म्हणाला, तुम्ही गेलात तर खोली कोण चालवणार? तुमच्या पद्धतीवर माझा विश्वास आहे, बाई.

त्या आठवड्यात वहिनी रोज काम सुटल्यावर एकेकीच्या घरी गेली. चिठ्ठी कोरी द्यायची, एवढंच तिचं म्हणणं. बारा कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या की ठरवायचं काम परत त्याच्या हातात जाईल. ऐन कामाच्या दिवसांत तो तिघींना काढू शकणार नाही. काढलंच, तर बाकीच्या नऊ जणी त्यांच्याबरोबर दाराबाहेर बसतील. कुणी लगेच हो म्हणालं, कुणी नवऱ्याकडे बघून म्हणालं, एकीने नळाखाली भांडं धुता धुता पाठमोरी राहूनच मान हलवली. शुक्रवारी जेवताना दादाने विचारलं, आणि तो नाहीच वाकला तर? नऊ जणी बसतील म्हणाली वहिनी. दादा म्हणाला, खरंच बसतील? वहिनीने मीठ मागितलं.

शनिवारी साडेतीनला कारकून कागदाचे बारा तुकडे देऊन गेला. रिकाम्या ट्रेंची चळत होती तिच्याआड जाऊन एकेकीने चिठ्ठी करायची होती. ती चळत माझ्या खिडकीला लागूनच होती, म्हणून पुढचं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

आक्का वहिनीला घेऊन चळतीआड आली आणि म्हणाली, "पोरी, माझी चिठ्ठी तू लिही. मला कागद दिसतो, रेघ दिसत नाही."

वहिनी म्हणाली, "कोरीच तर द्यायची आहे, आक्का."

"माझं नाव लिही."

वहिनीने नाही म्हटलं. सगळ्या तयार आहेत, एकही फुटणार नाही, तो घाबरेल, थोडा धीर धर, असं पुष्कळ समजावलं. आक्का ऐकत राहिली. मग म्हणाली, "तो घाबरला नाही तर तिघी जातील. त्या पोरीचं मूल दोन वर्षांचं आहे. मी तर आज ना उद्या जाणारच."

"आपलं सगळ्यांचं ठरलंय."

"कुणाचं ठरलंय? तू सगळ्यांच्या घरी गेलीस. माझ्या घरी आलीस?"

वहिनी गेली नव्हती. दहा घरं फिरली होती, आक्काचं घर सोडून. आक्का आपलीच, तिला काय विचारायचं, असं तिला वाटलं होतं.

आक्काचा आवाज चढला नाही. "जिचं म्हणणं तिचं, हे तूच आम्हाला शिकवलंस. हे माझं म्हणणं आहे. लिही."

मला खिडकीतून वहिनीचा हात दिसत होता. नाव लहानसंच होतं, पण पेन्सिल दोनदा थांबली.

पुष्कळ दिवसांनी ती मला म्हणाली, भाऊजी, मी कोरी घडी घालून तिच्या हातात दिली असती तर तिला कळलंही नसतं. तेवढ्यावर सगळं निभावलं असतं कदाचित. पण तिला दिसत नाही म्हणून तिचा शब्द पुसायचा, मग मी आणि पट्टीबाई यांच्यात काय फरक राहिला?

सोमवारी सकाळी दाराजवळच्या त्या जुन्या खिळ्याला एक कागद लटकत होता. खोलीने ठरवल्याप्रमाणे अमुक बाईला कामावरून कमी करण्यात येत आहे. आणि पुरावा म्हणून टाचणीने ती चिठ्ठी वर लावलेली. कारकून ट्रे मोजायला आला तेव्हा त्याने सहज सांगितलं की बाराच्या बारा चिठ्ठ्या त्याने स्वतः उघडल्या. अकरा कोऱ्या होत्या.

अकरा. नळाखाली भांडं धुणारीचीसुद्धा कोरी. त्या बायका एक राहिल्या होत्या हो, शेवटपर्यंत एक राहिल्या होत्या, आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता.

वहिनीचं अक्षर सगळ्या ओळखत होत्या. खोलीतल्या फळ्यावर रोज सकाळी तीच तारीख आणि माप लिहायची. एकेक जण कागदापाशी आली, चिठ्ठी वाचली आणि जागेवर जाऊन बसली. पंखा चालू होता.

आक्का आलीच नव्हती. तिची मुलगी लांब राहायची, ती रविवारीच येऊन तिला घेऊन गेली होती.

दुपारी डबे उघडले तेव्हा वहिनीने काय घडलं ते सांगितलं. रेडिओने तिथल्या तिथे आक्काला फोन लावला. आक्का म्हणाली, मीच लिहायला लावलं तिला. फोन ठेवून रेडिओ म्हणाली, आक्का असंच म्हणणार. तिने आजवर कुणाला वाईट म्हटलंय का? आक्काचा चांगुलपणाच तिच्या साक्षीला नडला.

लेकुरवाळी इतका वेळ डब्याचं झाकण पुसत होती. ती म्हणाली, "मी खरं धरते. तिनेच सांगितलं असेल. पण बाई, लिहायला तुमचा हात उचलला कसा?"



पुढच्या शनिवारी स्टुलं गोल झाली, ती शेवटचीच. रेडिओने सगळ्यांच्या आधी बोलायची परवानगी मागितली. म्हणाली, चकत्या परत काढू या. चकती असती तर कुणाच्या हातून गेलं ते दिसलं असतं, जिचं तिने भोगलं असतं, आणि आक्काला असं जावं लागलं नसतं. वहिनी म्हणाली, हात वर करा. नऊ हात वर झाले. खोलीने ठरवलं होतं. वहिनीने डबा उघडला, शिबिराचा कागद बाजूला ठेवला आणि चकत्या जमिनीवर ओतल्या. पोरं गोळ्या वेचतात तशा बायका वाकून आपापला रंग शोधायला लागल्या. आक्काची हिरवी तेवढी कुणी उचलली नाही.

वहिनीने साहेबाला सांगितलं, मला परत रांगेत टाका. त्याने फार आग्रह केला नाही. खोलीवर त्याने लेकुरवाळीला नेमलं. तिने नको म्हणावं अशी तिची परिस्थिती नव्हती, आणि तिला कुणी दोषही देत नाही. साहेबाने सुताराला नवीन स्टूल करायला सांगितलं, पहिल्यासारखं उंच. लेकुरवाळी फूटपट्टी वापरत नाही. नुसती मागे बसून बघते. पण उजेडाकडे तोंड असलं की मागे नुसतं बघतंय का आणखी काही, हे कळत नाही.

त्या दिवसांत सुतार आमच्या घरी आला होता. वहिनीला वाटलं तुकडे मागायला आला. तिने कपाटाखालचे दोन काढायला सुरुवातही केली. तो म्हणाला, राहू द्या, वहिनी, नवं लाकूड आलंय. मग खिशातून ती जुनी चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली आणि गेला. वहिनीने ती वाचली नाही. शिबिराच्या कागदात ठेवून दिली.

याला आता सहा वर्षं झाली. वहिनी आक्काच्या जागेवर बसते, कारण बाकीच्या जागांवर नव्या बायका आल्यावर तीच जागा रिकामी होती. हिरवी चकती तिच्या ट्रेमध्ये असते, कारण तीच चकती उरली होती. डाव्या बाजूला रेडिओ आहे. ती आता कामापुरतं बोलते. वहिनीचा ट्रे चुकून तिच्या बाजूला सरकला, तर ती तो बोटाने हळूच मागे लोटते. रागाने नाही. ज्याचा ट्रे त्याचा, एवढंच.

गेल्या वर्षापासून वहिनीला उजेडाभोवती कडं दिसायला लागलंय. तिने हे त्या खोलीत कुणाला सांगितलेलं नाही. मला खिडकीतून दिसतं. ती दोन बाटल्या एकमेकींवर वाजवते आणि कान जवळ नेते. पंखा घरघरत असतो. मग ती तिसरी बाटली घेते, वाजवते. तिचे ट्रे आले की मी खोकं बांधायच्या आधी एकेक बाटली उजेडाला धरून बघतो. माझे डोळे काही तिच्यासारखे नव्हते कधी. जे निसटायचं ते निसटतंच. मागच्या महिन्यात हिरवी चकती दोनदा खिळ्याला लागली होती. तिसऱ्यांदा लागली की काम सुटतं, हे सगळ्यांना माहीत आहे.

घरी ती संध्याकाळी दारात बसून डाळ निवडते. पूर्वी तिच्या हातून खडा सुटत नसे. आता निवडून झालं की ती सूप माझ्या मुलीपुढे करते आणि म्हणते, "एकदा तू बघ. मी बघितलंय असं धरू नकोस."

मुलगी दहा वर्षांची आहे. तिला हा खेळ वाटतो. ती सूप मांडीवर घेते, मान खाली घालते आणि पहिल्यापासून बघायला लागते.